राज्यघटनेच्या आधीचा हक्क

१९७५ ची आणीबाणी कायद्याचे बोट धरून आली. २५ जूनची घोषणा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५२ खाली झाली, धरपकड संसदेने १९७१ मध्ये मंजूर केलेल्या ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली. अनुच्छेद १४, २१ आणि २२ मधील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याची वाट २७ जूनला राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाली. कागदोपत्री सारे रीतसर होते. म्हणूनच प्रश्न थेट मुळाशी गेला. जगण्याचा हक्क माणसाला राज्यसंस्था देते, की तो तिच्याही आधीचा असतो?

हा प्रश्न भारतीय विचाराला नवा नाही. बृहदारण्यक उपनिषदात धर्माला राजसत्तेहून वरचे स्थान दिले आहे. धर्माच्या बळावर दुबळाही बलवानाला आवरू शकतो, असा तेथील आशय. पुढे हाच धर्म वर्णव्यवस्थेच्या चौकटीत अडकला आणि दुबळ्याच्या हाती क्वचितच लागला, हेही सांगितलेच पाहिजे. युरोपात हॉब्जने कायदा ही सार्वभौमाची आज्ञा मानली, तर लॉकने जीवित व स्वातंत्र्य हे राज्यसंस्थेपूर्वीचे हक्क ठरवले.

१९७६ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयासमोर उभा राहिला. ‘मिसा’खालील स्थानबद्धांच्या हेबिअस कॉर्पस याचिका चालवता येतात, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते, सरकार त्याविरुद्ध अपिलात गेले. पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर दाद कुठे मागायची, असे न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले. आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही, असे ॲटर्नी जनरल निरेन डे यांचे उत्तर होते. सरकारचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला की तो इथेच पोहोचतो. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते, असे न्या. बेग यांनी निकालपत्रात लिहिले. एकट्या खन्नांनी विरोधी मत दिले: अनुच्छेद २१ हा जीवित-स्वातंत्र्याचा एकमेव आधार नाही, राज्यघटना नसती तरी कायद्याच्या अधिकाराविना कोणाचा जीव घेता आला नसता. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

न्यायालयाबाहेर खन्नांचीच भूमिका नागरिकांनी धरली होती. मुंबईत वकिलांच्या बंदिस्त सभेलाही पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे जयप्रकाश नारायण यांच्यासोबत नागरी स्वातंत्र्याची संघटना बांधत होते. सत्तेवर विसंबून हक्क टिकत नाहीत, हे या मंडळींनी वेळीच ओळखले होते.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही अबाधित ठेवले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल, म्हणजे ‘जबलपूर’ निकाल, चुकीचा ठरवला. १९७६ मध्ये सरकारची बाजू उचलून धरणाऱ्या चौघांतील यशवंतराव चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनीच २०१७ चे मुख्य निकालपत्र लिहिले. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धता अनुच्छेद २२ मध्ये आजही आहे. तिला आणखी लगाम घालणारे ४४ व्या घटनादुरुस्तीतील कलम संसदेने मंजूर केले, पण ते अमलात आणणारी अधिसूचना कोणत्याही सरकारने काढलेली नाही.