किल्ली नानांकडे

गावाला जाताना घर कुणावर टाकून जायचं, हा प्रश्न आमच्या लहानपणी नव्हता. निम्मं घर गावाला गेलं तरी निम्मं मागे उरायचं. आता आम्ही दोघंच. त्यामुळे साताऱ्याहून सांगलीला दोन दिवस जायचं म्हटलं तरी काशीयात्रेची तयारी होते. ही गॅसचा रेग्युलेटर काढते, फ्रिज रिकामा करते, कुलूप तीनदा ओढून बघते, किल्ली शेजारच्या नानांकडे देते आणि स्टँडवर पोचल्यावर मला विचारते, "अहो, कुलूप लावलंय ना?"

या खेपेला मात्र मी निर्धास्त होतो. चिरंजिवांनी दिवाळीत माझ्या काँप्युटरमध्ये एक सोय करून ठेवली होती. मी कुठेही असलो तरी घरचा काँप्युटर लॅपटॉपवर उघडणार. नुसता दिसणार नाही, तर इथून बाण हलवला की तिथला हलणार. मी रीतसर परीक्षाही घेतली. हॉलमध्ये बसून आतल्या खोलीतला काँप्युटर उघडून पाहिला. उघडला! बारा फुटांवरून मिळालेल्या या यशावर मी सव्वाशे किलोमीटरचा भरवसा ठेवला. विहिरीच्या काठावर हातपाय मारून पोहायला शिकलेल्या माणसाचा भरवसा साधारण याच जातीचा असतो.

खरं तर सातारकराला या विद्येचं अप्रूप वाटायला नको. 1749 साली शाहू महाराज गेले आणि त्यानंतर गादी साताऱ्यात, कारभार पुण्यात अशी व्यवस्था बसली. पडदा इथे, बटणं तिथे. फरक इतकाच, की या वेळी बटणं सातारकराच्या हातात होती. निदान असा माझा समज होता.

सांगलीला मेव्हण्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. आदल्या संध्याकाळी भडंगाची बशी पुढे ठेवून हिनं हळूच विचारलं, "आपल्या मुलीच्या लग्नात दादानं काय दिलं होतं हो?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, म्हणजे साताऱ्याच्या काँप्युटरमध्ये होतं. मुलीच्या लग्नाचा सगळा आहेर मी तक्ता आखून नोंदवलेला आहे. नाव, वस्तू, रक्कम आणि शेरा. तीस वर्षं कचेरीत काढल्यावर शेऱ्याच्या रकान्याशिवाय तक्ता मला आखताच येत नाही. आणि रकाना रिकामा ठेवणं म्हणजे कामचुकारपणा. त्यामुळे 'स्टीलचा डबा, झाकण बसत नाही' अशा नोंदी त्यात आहेत.

मी ऐटीत लॅपटॉप उघडला. उत्तर आलं, 'पलीकडचा काँप्युटर सापडत नाही.'

चिरंजिवांना फोन लावला. त्यांनी डॉक्टरसारखी विचारपूस सुरू केली. "बाबा, तो झोपला असेल. बराच वेळ हात लावला नाही की झोपतो. निघताना त्याची झोप बंद केली होती का?" माझी स्वतःची झोप बंद व्हायची वेळ आली होती. मग म्हणाले, "वीज जाऊन आली असेल. वीज आली की पंखा आपोआप फिरतो, काँप्युटर फिरत नाही. वीज आल्यावर उठायचं, असं त्याला आधी सांगून ठेवावं लागतं." मग संशय राउटरवर गेला. अर्धा तास आम्ही बापलेक रोगाचं निदान करत होतो. शेवटी ही म्हणाली, "मी निघताना मेन स्विच बंद केलाय. त्यानं काही होतं का?"

त्यानं सगळंच होतं.

महाबळेश्वरला निघालेली कृष्णामाई माहुलीला वेण्णेला भेटून, कऱ्हाडला कोयनेला घेऊन सांगलीच्या घाटाला येते. वाटेत तिला कुणी पासवर्ड विचारत नाही. मला मात्र शेवटी नानांनाच फोन करावा लागला.

नाना बिचारे तत्काळ गेले. मेन चालू केला, राउटर चालू केला, काँप्युटर चालू केला. मी फोनवर पासवर्ड सांगितला. नाना जुने टायपिंग पास, एका झटक्यात बरोबर टाईप केला. मग पडद्याच्या कोपऱ्यातला नऊ आकडी नंबर हवा होता. मुंगीएवढी अक्षरं, पण नानांनी घडाघड वाचून दाखवला. आणि काय सांगू, सांगलीच्या माजघरात माझा साताऱ्याचा काँप्युटर उघडला! "नाना, झालं काम. आता असू द्या तसाच," म्हणून मी फोन ठेवला.

मी बाणाला हात लावणार, तोच बाण आपणहून हलला.

नाना गेले नव्हते. आणि मला इकडे सारं दिसतं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. बाण भटकत भटकत 'आहेर' या फाईलवर आला, थांबला आणि फाईल उघडली. तक्ता हळूहळू वर सरकू लागला. पुढे काय येणार हे जगात फक्त मला ठाऊक होतं. 'शेजारचे नाना. रोख 101 रु. शेरा : पाकीट जुने, मागे दुसऱ्याचे नाव खोडलेले. जेवायला सहा जण.'

माझ्या हाताखालीही तोच बाण होता. फाईल मिटवता आली असती. फोन करून "नाना, मला दिसतंय हं" म्हणता आलं असतं. मी काहीच केलं नाही. श्वास रोखून बघत राहिलो. त्या ओळीवर तक्ता थांबला. बराच वेळ थांबला. मग फाईल मिटली.

मेव्हण्यांनी 501 रुपये आणि पितळी समई दिल्याचं मी हिला सांगितलं आणि रात्रभर आढ्याकडे बघत पडलो.

चूक कुणाची? नानांनी दुसऱ्याची फाईल उघडली, हे खरं. पण घराची किल्ली मीच दिलेली, पासवर्ड मीच सांगितलेला. शिवाय माझ्याबद्दल दुसऱ्यानं लिहून ठेवलेली ओळ त्याची की माझी? जमिनीचा सातबारा निघतो, माणसाबद्दल लिहिलेल्या शेऱ्याचा कुठून काढायचा? बरं, नानांनी चोरून वाचलं म्हणावं, तर मी त्यांचं वाचणं चोरून पाहिलं. चित्रगुप्तही सगळ्यांचं सगळं बघून लिहून ठेवतो म्हणतात. पण त्याची ती नेमणूक आहे. माझी कुणी केली होती? आणि त्या सहा जणांचं म्हणाल, तर मुलीच्या लग्नात चार दिवस पाहुण्यांना झोपायला खोली, चादरी, सकाळचं आंघोळीचं पाणी, सगळं त्या सहा जणांच्या घरातून आलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी ते लिहिलं नव्हतं. कचेरीत तशी पद्धत नव्हती.

तिसऱ्या दिवशी साताऱ्याला परतलो. नाना फाटकातच उभे होते. मी म्हटलं, "नाना, तुम्हाला उगीच त्रास दिला."

"त्रास कसला? तुळशीलाही पाणी घातलंय." मग किल्ली पुढे करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं काम झालं ना? मला मेलं काही दिसलं नाही. चष्मा घरी राहिला होता."

नऊ आकडी नंबर माझ्या कानात अजून घुमत होता. चष्मा नानांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

त्या रात्री मी चिरंजिवांनी सांगितलं तसं सगळं केलं. काँप्युटरची झोप बंद केली. वीज आली की उठायचं, असं त्याला बजावून ठेवलं. मेन स्विचला हात लावणार नाही, असं हिच्याकडून कबूल करून घेतलं. आता सांगलीहून घर उघडायला कुणाची गरज पडणार नाही. शेवटी तो तक्ता उघडला आणि शेऱ्याचा अख्खा रकाना पुसून टाकला.

किल्ली मात्र घेतली नाही. म्हटलं, "राहू द्या नाना तुमच्याकडेच."