लेकरांस आपले पूर्वज कसे सांगावे?

लहान मुलांस त्यांच्या पूर्वजांविषयी काही सांगावे की नाही, आणि सांगावे तर किती, हा प्रश्न खेड्यांतील आमच्या मंडळ्यांत उघडपणे क्वचितच निघतो. परंतु तो घराघरांत आहे. नातू विचारतो, "आजी, तुझी आजी काय काम करायची?" आणि आजी काही न बोलता चुलीकडे वळते. बाप म्हणतो, "आपण ख्रिस्ती माणसे, मागचे कशाला काढता?" मूल गप्प बसते खरे, पण त्या गप्प बसण्यातून ते काही शिकतेच. आपल्या मागे लपविण्यासारखे काही आहे, एवढे ते पक्के शिकते. आणि हा धडा शाळेतल्या धड्यांपेक्षा खोल जातो, असे आम्हांस वाटते.

या मौनाची कारणे दोन दिसतात. एक धर्मभय व दुसरे लाज. धर्मभयाचा विचार आधी करू, कारण तो लवकर आटोपतो. ज्यांनी मरीआईला कोंबडे दिले व म्हसोबाला नारळ फोडला त्यांचे नाव लेकरांपुढे कौतुकाने घेणे बरे नव्हे, असे कित्येक भाविकांस वाटते. यहोशवाला तसे वाटले नाही. शखेम येथे सर्व लोक जमले असता, अब्राहामाचा बाप तेरह हा नदीपलीकडे परक्या देवांची सेवा करीत होता, हे त्याने त्यांस भर सभेत सांगितले. पाचव्या आज्ञेतही आईबापांचा मान राखावयाचा तो ते आपल्या मताचे असतील तरच, अशी अट घातलेली नाही. आता, भाद्रपदाच्या वद्य पक्षात शेजारी आपल्या पितरांस घास ठेवितात, तसे आम्ही करीत नाही. आम्ही ज्या घासाविषयी लिहीत आहो तो पितरांसाठी नव्हे. तो लेकराच्या ताटात वाढावयाचा आहे. मेलेल्यांस जेवू घालणे निराळे, आणि मेलेल्यांची गोष्ट सांगत जिवंत लेकरास जेवू घालणे निराळे. हा भेद उपदेशकांनी स्पष्ट करून सांगितला नाही, तर लोक एक तर जुनी चाल मागल्या दाराने घरात आणतात, नाही तर आठवणच घराबाहेर घालवितात.

लाजेचे प्रकरण अधिक अवघड आहे. आमच्यापैकी पुष्कळांचे पणजोबा महारकी किंवा मांगकी करीत. ते वेसकर म्हणून वेशीवर उभे राहिले, त्यांनी सरकारी टपाल पायी पोहोंचविले, मेलेली ढोरे ओढली, संध्याकाळी दारोदार भाकरी मागितली; आणि मांसाच्या पट्ट्या वाळवून, म्हणजे चान्या करून, त्या पावसाळ्यासाठी राखल्या. बलुते हक्काचे म्हणत, पण घेताना हात खालीच असे. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने; म्हणजे आज ज्या आज्या नातवंडे खेळवितात त्यांपैकी कित्येकींनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले आहेत. हे सर्व पाच वर्षांच्या मुलास कसे सांगावे, व का सांगावे?

का, याचे उत्तर पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही ठिकाणी ते अन्नाशी जोडलेले आहे. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकऱ्यास अशी आज्ञा आहे की, पहिल्या पिकाची टोपली घेऊन येताना त्याने आपला मूळपुरुष भटका होता व आपले लोक मिसरात दास होते, असे मोठ्याने बोलावे. कोठी भरलेली असताना त्यास गुलामगिरी बोलून दाखवावी लागे. वल्हांडणाच्या जेवणात तर बेखमीर भाकरीबरोबर कडू भाजी मुद्दाम ठेविली आहे. तेथील क्रमही पाहण्याजोगा आहे. आधी ताट पुढे येते, मग मूल हे काय म्हणून विचारते, आणि त्यानंतर बापाने उत्तर द्यावयाचे. यार्देनेतून उचललेल्या बारा धोंड्यांचीही हीच रीत. धोंडे दिसतात म्हणून मुले विचारतात. आमची पद्धत बहुधा उलटी असते. आम्ही आधी उपदेश करितो, आणि मुलांनी विचारावे असे त्यांच्यापुढे काहीच ठेवीत नाही.

ताटात काय ठेवावे यासाठी दूर जावयास नको. हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या व ताक, बांधावरची घोळ, तांदुळजा, पाथरी, हे सर्व आमच्या आयाबायांस ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या बायकांस सुकडी मिळे, आणि अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी लोकांनी कशाबशा गिळल्या. ती सुकडी घरी करून द्यावी आणि आजीने ती कोठे व कोणत्या उन्हात खाल्ली ते सांगावे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातील दलित घरांतले अन्न नोंदून ठेविले. ज्या पदार्थांचे नाव काढावयास लोक लाजत, ते छापून आले हे फार बरे झाले. मात्र आज हौसेने लसणाची फोडणी दिलेले माडगे आणि दुसरे काही नाही म्हणून प्यालेले पाणीदार माडगे एक नव्हेत. मुलास तेवढे सांगावे, नाही तर ते उपासमारीस सणच समजावयाचे. (शिळी भाकरी चारून धडा देण्याची गरज नाही, तसा उत्साह दाखविणारेही असतात, म्हणून लिहितो.)

किती सांगावे याविषयी आमचे मत असे. थांबणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. मार, शिव्या, विहिरीवरची हकालपट्टी या गोष्टी पाच वर्षांच्या मुलाच्या झोपेत शिरू देऊ नयेत. त्या दहा-बारा वर्षांच्या मुलास सांगाव्या, आणि त्यांबरोबर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले हेही सांगावे. परंतु लहानग्यानेच सरळ विचारले असता, "छे, तसे काही नव्हते," असे म्हणणे हे खोटेच होय, मग ते कितीही मायेने म्हटलेले असो. "होते बाळा, तू मोठा झालास की सांगेन," एवढे म्हणता येते. तसेच ज्या पाटलाने हे केले त्याचा पणतू आमच्या मुलाच्या शेजारी बाकावर बसतो, हे विसरू नये. यहेज्केलाच्या काळी बापांच्या आंबट द्राक्षांनी पोरांचे दात आंबतात अशी म्हण चालत असे. ती पुन्हा ऐकू येऊ नये, असे देवाने त्याच्याकडून सांगविले. त्या पणतूवर दोष घालू नये, आणि आपल्या मुलावर लाजही घालू नये.

लाजेचे दुसरे रूप फुशारकीचे असते. कोणी म्हणतो आम्ही मूळचे राजे, कोणी म्हणतो सरदार. कोरेगाव भीमा येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत, हे खरे व अभिमानाचे आहे. पण ज्याच्या घरी तसा पुरावा नाही त्याने तो उसना आणू नये. वेसकराने रात्रभर गाव राखिला ही गोष्ट लहान नाही, आणि ती बहुतेकांच्या घरची आहे.

आता कलेविषयी. चित्रे व पुतळे आमच्या पूर्वजांनी मागे ठेविले नाहीत, असे म्हणणाऱ्याने घरातली गोधडी उलगडून पाहावी. तीत पणजीचे लुगडे असते, मेलेल्या काकाचा सदरा असतो. मुलाने एकेका तुकड्यावर बोट ठेवावे व आजीने नाव सांगावे. वंशावळी शिकविण्याची याहून सोपी रीत आम्हांस ठाऊक नाही. दुसरे धन ओवीचे. जात्यावर बसलेल्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून सहकाऱ्यांसह जमविल्या. ज्या बायांस लिहावयास येत नव्हते त्यांनी भाऊ, लेक, सासुरवास, सारे गाऊन ठेविले. नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले ते ओवीतच, आणि १९१९ साली ते वारल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले. तेव्हा रविवारच्या शाळेत मुलांकडून आजीची एखादी ओवी म्हणवून घेणे यात परकेपण काही नाही. ओवीत विठोबाचे नाव आले तर ते गाळून खोटी ओवी करू नये. ती कोणाची व केव्हाची हे सांगावे म्हणजे झाले.

भाऊबंदांचाही विचार करावा. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर पुष्कळ घरे बौद्ध झाली. एक चुलतभाऊ चर्चमध्ये व दुसरा विहारात, असे आज गावोगाव आहे. ती पणजी दोघांचीही आहे. तिची गोष्ट मुलांनी दोन्ही घरी ऐकली, तर फार चांगले.

एक अडचण कागदाची आहे व ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस त्या मिळाल्या, ख्रिस्ती लोकांस नाहीत. त्यामुळे काही घरांत शाळेच्या दाखल्यावर एक बोलतात व मंडळीत दुसरे. बापाची गरज आम्ही जाणतो व दगड उचलीत नाही. पण मूल त्यातून काय शिकते, हे त्या बापाने स्वतःस विचारावे. पूर्वज म्हणजे खिडकीवर एक व घरी दुसरे सांगावयाची वस्तू, असे त्यास वाटू लागले, तर माडगे व गोधडी दोन्ही व्यर्थ होत.

राहिली ती ज्यांस पूर्वजच ठाऊक नाहीत अशी घरे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून व १९०० साली गुजरातेतून पोरक्या मुली आणून केडगावास सांभाळिल्या. इतर मिशनांच्या अनाथालयांतही अशी लेकरे आली. त्यांपैकी कित्येकांस आपल्या गावाचे नावही सांगता येत नव्हते. त्यांच्या वंशजांनी त्या रिकाम्या जागी कल्पनेने कोणी बसवू नये. आमची पणजी उपाशी चालत आली व तिला कोणी तरी हात दिला, येथूनच त्यांनी गोष्ट आरंभावी. आणि घरात तिच्या हातची एखादी चाल राहिली असेल, भाकरी थापण्याची किंवा डाळीत गूळ घालण्याची, आणि ती शेजाऱ्यांच्या चालीहून निराळी असेल, तर ती कोठली हे ठाऊक नसले तरी मुलांस "ही तिची" म्हणून दाखवावी.