स्वयंपाकघराचा सल्ला

घर नवें बांधतांना किंवा जुनें सुधारतांना स्वयंपाकघर व जेवणघर यांच्या मांडणीबद्दल तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, ही रीत आतां आपल्या मध्यमवर्गांतही रूढ झाली आहे. रीत चांगली आहे. पाण्याचा निचरा, धुराची वाट, ओट्याची उंची हे शास्त्राचे विषय. त्यांत घरच्या हौसेनें ढवळाढवळ केली तर तिचें प्रायश्चित्त पुढें वर्षानुवर्षें कंबरेला भोगावें लागतें. परंतु हा सल्ला घेतांना एक नैतिक प्रश्नही आपण नकळत तज्ज्ञाच्या स्वाधीन करतों, आणि त्याचाच विचार येथें करावा असा आमचा हेतु आहे.

या सल्ल्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९१२ सालीं क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन बाईनें टेलरचें कारखान्यांतील वेळमोजणीचें शास्त्र घरच्या चुलीपाशीं आणलें, आणि एकेका कामास किती पावलें पडतात याचा हिशेब मांडला. पुढें १९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनीं फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं एक स्वयंपाकघर आंखलें : रुंदी सुमारें १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या भोजनडब्यांतील मुदपाकखाना त्यांच्या डोळ्यांपुढें होता. तांदूळ-साखरेसाठीं धातूचे कप्पे, पिठाला अळी लागूं नये म्हणून ओकच्या लाकडाचा खण, बसून भाजी चिरण्यास फिरतें स्टूल. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें तेथें बसविण्यांत आलीं. पावलें वांचलीं यांत संशय नाहीं. पण त्या चिंचोळ्या खोलींत दुसरें माणूस मावेना. स्त्रीचा भार हलका करण्यास निघालेल्या मांडणीनें तो वांटून घेण्याची वाटच बंद केली. तो आराखडा करीपर्यंत आपण कधीं स्वयंपाक केलाच नव्हता, असें या बाईंनीं उत्तरायुष्यांत सांगितलें. यावरून त्यांस कोणी हंसूं नये. वैद्यानें प्रत्येक रोग भोगलेला असावा असा आपला आग्रह नसतो. मात्र वैद्य प्रश्न विचारतो तो रोग्यास, बिल देणाऱ्या नातलगास नव्हे.

आणि आपल्याकडे सल्लागाराशीं बोलतो कोण? बहुधा पैसे देणारा. गृहिणीस विचारतात तें लाद्यांच्या रंगापुरतें.

जुन्या घरांत आधीं पुरुष व मुलें यांची पंगत, मागाहून बायकांची. तेथें निदान बायका एकमेकींच्या सोबतीनें तरी जेवीत. पुढें चूल जमिनीवरून उभ्या ओट्यावर गेली, पाटांच्या जागीं टेबल आलें. आतां पांच माणसांच्या घरांत टेबलाभोंवतीं चारच खुर्च्या असल्या तरी कोणाचें अडत नाहीं. कारण पांचवें माणूस तव्यापाशीं उभें राहणार हें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. पोळी तव्यावरचीच हवी, हा हट्ट दिसावयास निरुपद्रवी. पण त्याची किंमत एक माणूस रोज एकटें जेवून देत असतें. कोणी म्हणेल, वाढण्यांत तिला आनंद आहे. असेल, तो आनंद आम्ही खोटा मानीत नाहीं. परंतु ज्या आनंदाला दुसरा पर्यायच ठेवलेला नाहीं, त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी?

मधली भिंत पाडणें हा हल्लींचा आवडता तोडगा. भिंत गेल्यानें तिला बोलणें ऐकूं येतें, हा लाभ खरा. पण तिचें उभें राहणेंही आतां पाहुण्यांस दिसतें, आणि पसारा झांकण्याचें एक काम वाढतें. फोडणीच्या ठसक्याची गोष्ट तर निराळीच.

म्हणून सल्लागारास बोलावण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून आधीं हें ठरवावें : पोळ्या करून डब्यांत ठेवावयाच्या, कीं पाळीपाळीनें लाटावयाच्या? डब्यांत ठेवावयाच्या तर पांचवी खुर्ची आलीच. पाळीनें लाटावयाच्या तर ओट्यापाशीं दोघांस वावरण्यापुरती जागा हवी, आणि त्याची उंची एकट्या गृहिणीच्या कोपरावरून ठरवितां येणार नाहीं. इतकें कळलें म्हणजे टेप हातांत घेऊन तज्ज्ञ पुढचें काम बिनचूक करील.