फाइल खुली, फॉर्म बंद

सॉफ्टवेअरच्या निविदेत हल्ली ‘ओपन स्टँडर्डचे पालन’ ही अट हटकून असते आणि विक्रेत्याचं उत्तरही ठरलेलं असतं: आमच्याकडून एक्सएमएल एक्स्पोर्ट मिळतो. लगेच टिक. पुढे विक्रेता बदलायची वेळ आली की कळतं, भरलेली माहिती हाती आली. पण कोणता रकाना कुणासाठी, किती वय ग्राह्य, बेरीज कशाकशाची, हे सगळं जुन्या प्रोग्रामच्या पोटातच राहिलं. याला खुलेपणा म्हणणं ही शुद्ध धूळफेक आहे.

एक्सएमएलच्या सुरुवातीचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. गोल्डफार्ब आणि मंडळींनी आयबीएममध्ये मजकूर त्याच्या दिसण्यापासून सोडवला, १९८६ मध्ये एसजीएमएल आयएसओ मानक झालं, १९९८ मध्ये त्यातूनच सुटसुटीत एक्सएमएल निघालं. मग ऑफिस दस्तऐवजांच्या फॉरमॅटवरून ओडीएफ विरुद्ध ओओएक्सएमएल हे रणकंदन, ओओएक्सएमएलचा तो सहा हजार पानांचा मसुदा, त्याला भारताचं विरोधी मत. त्यावर भरपूर शाई सांडून झाली आहे. त्या भांडणाचा एक तोटा मात्र कुणी मोजत नाही: खुलेपणा म्हणजे फाइलचा फॉरमॅट, हे समीकरण तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

खरं तर खुलेपणाला कलाटणी त्याआधीच मिळाली होती. ऑक्टोबर २००३ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक-संस्थेने एक्सफॉर्म्स या फॉर्मच्या मानकाला मान्यता दिली. ही गोष्ट आज अशी सांगतात: ब्राउझरवाल्यांनी ते उचललं नाही, एचटीएमएल-५ आलं, एक्सफॉर्म्स मेलं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी ऐकली की मला वाटतं, सांगणाऱ्याने फॉर्म कधी ब्राउझरबाहेर पाहिलाच नसावा.

आरोग्य पाहणीतला ‘गरोदर आहात का?’ हा प्रश्न घ्या. नेहमीच्या वेब-फॉर्ममध्ये ‘पुरुष निवडल्यास हा रकाना लपवा’ ही सूचना जावास्क्रिप्टमध्ये, पडद्यावरच्या एखाद्या चौकटीला चिकटवलेली असते. एक्सफॉर्म्समध्ये अशी अट ‘बाइंड’च्या एका ओळीत येते: लिंग स्त्री आणि वय १५ ते ४९ असेल तरच हा प्रश्न लागू. नियम बांधला जातो तो माहितीला. चौकट गोल असो की चौकोनी, पडदा मोबाइलचा असो की टेबलावरचा, त्याला फरक पडत नाही. चुकून ‘स्त्री’ निवडून उत्तर दिलं आणि नंतर लिंग दुरुस्त केलं, तर फॉर्म पाठवताना ते उत्तर आपोआप गळतं. आणि ही अट फॉर्मच्या फाइलमध्येच असल्याने दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रामही ती वाचू शकतो.

ओडीएफने एक्सफॉर्म्सची ही नियमरचना आत घेतली. ओडीएफ वापरणाऱ्या लिबरऑफिसच्या ‘नवीन’ यादीत ‘एक्सएमएल फॉर्म डॉक्युमेंट’ अजून आहे, कुणी उघडत नाही हा भाग वेगळा. वर्डच्या डॉकएक्समध्येही रकाना आतल्या एक्सएमएलशी जोडता येतो. पण अटी आणि आकडेमोड हवी असली की बहुधा मॅक्रोच लिहावा लागतो. म्हणजे पुन्हा प्रोग्रामचं पोट.

आणि एक्सफॉर्म्स मेलं म्हणता, तर ओडीके कशावर चालतं? वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं हे सर्वेक्षणाचं साधन त्याच मानकाचा निवडक भाग वापरतं. कॉमकेअर या मोबाइल साधनाचंही तेच, आणि अंगणवाडी सेविकांच्या फोनमधलं आयसीडीएस-कॅस कॉमकेअरवरच उभं होतं.

हे एक्सएमएल हाताने लिहिणं मात्र शिक्षाच, त्यात वाद नाही. म्हणून पाहणी करणाऱ्या संस्थांनी मधला मार्ग काढला, एक्सएलएसफॉर्म. साध्या एक्सेलमध्ये प्रश्नाशेजारी ‘रेलेव्हंट’, ‘कन्स्ट्रेंट’, ‘कॅल्क्युलेशन’ असे स्तंभ भरायचे. त्यातून एक्सफॉर्म्समधला फॉर्म आपसूक तयार होतो. ज्याला कोडचं अक्षर येत नाही असा पर्यवेक्षकही वयाची अट तिथे बदलू शकतो. निविदेत मागायचं ते हे. भरलेल्या अर्जांचं एक्सएमएल तर द्याच, पण त्याच्यासोबत नियमांचा हा तक्ताही द्या, आणि तुमचं सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर तो चालवून दाखवा.