पाचवे कारण

मणक्यांमधील सरकलेली चकती मज्जातंतूचे मूळ दाबते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये प्रतिपादिले. परंतु ती चकती काढूनही ज्याच्या पायातील कळ शमली नाही, तो रुग्ण कागदपत्रे काखोटीला मारून दुसऱ्या शल्यविशारदाचा उंबरठा चढतो, तेव्हा तो आपल्या प्रारब्धाशी हुज्जत घालतो काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली असून त्यांत दैव पाचवे, म्हणजे शेवटचे आहे. म्हणून व्रणाची तंतुमय गाठ, शेजारच्या मणक्यातील दाब अथवा मज्जातंतूची जुनी इजा यांचा कसून तपास केल्यावाचून दैवाच्या नावे निकाल लिहिणे ही श्रद्धा नव्हे. मात्र तपासाअंती उरलेले दुःख शांतपणे वाहणे, हा पराभवही नव्हे.