शंका घेणाऱ्याची जबाबदारी

हवामान बदलाचा विषय निघाला की आपल्या घरांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : "ऊन-पाऊस अल्लाहच्या हाती आहे, त्यात माणसाचा काय संबंध?" दुसरे : "पृथ्वी पूर्वीही तापली आणि थंडावली, हे निसर्गाचेच चक्र आहे." या शंका हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. ऐकीव बातमी पडताळून पाहावी, ही तर पवित्र कुरआनचीच शिकवण आहे. खरा प्रश्न, शंका घेतल्यानंतर आपण काय करतो, हा आहे.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींविषयी गंभीर शंका होत्या. त्यांनी बर्कले येथे सहकारी जमवून जगभरच्या नोंदी नव्याने तपासल्या. या कामाच्या देणगीदारांत तेलव्यवसायातील उद्योगपती चार्ल्स कोक यांची धर्मादाय संस्थाही होती. तरीही २०१२ साली म्युलर यांनी जाहीर केले की, पृथ्वी तापत आहे आणि त्याला जवळजवळ संपूर्णपणे मनुष्यच कारणीभूत आहे. त्यांनी शंका घेतली, तपास केला आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेले तेव्हा ते मान्य केले.

आपणही तसेच करून पाहू. सूर्य प्रखर झाला असेल का? उपग्रह १९७८ पासून त्याचे तेज मोजत आहेत. या तापमानवाढीशी जुळेल अशी वाढ त्यात आढळत नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत आहे आणि त्यावरचा थंड होत आहे. ज्वालामुखी? त्यांतून वर्षाला निघणारा कर्बवायू मानवी उत्सर्जनाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. हिमयुगे आली-गेली हे खरे, पण त्या फेऱ्यांना हजारो वर्षे लागली. इकडे हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. ही भर मुख्यतः कोळसा व तेल जाळल्याने पडली, हे त्यातील कार्बनच्या घडणीवरून ओळखता येते.

आता पहिले वाक्य. सर्व काही अल्लाहच्या अधीन आहे, यात संशय नाही. पण शेजाऱ्याच्या विहिरीत घाण टाकून कोणी 'अल्लाहची मर्जी' म्हटले, तर आपण ते ऐकून घेऊ का? जमिनीवर व समुद्रात माजलेल्या बिघाडाचा संबंध कुरआन माणसांच्याच करणीशी जोडतो (सूरह अर-रूम : ४१). ही आयत प्रयोगशाळेचा पुरावा म्हणून पुढे करण्याची गरज नाही. ती जबाबदारी झटकण्याची वाट बंद करते. तकदीरवरील श्रद्धा आपल्याला संकटात धीर देण्यासाठी आहे, आपल्या हातून झालेल्या हानीवर पांघरूण घालण्यासाठी नाही.

कोणत्या जिल्ह्यात पाऊस किती बदलेल, तापमानवाढ नेमकी किती होईल, याविषयी प्रामाणिक मतभेदास अजून जागा आहे. परंतु मोबाईलवर आलेला संदेश पुढे पाठविण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : उत्तर माझ्या सोयीचे निघाले नाही, तर मी ते स्वीकारीन का? 'नाही' असे उत्तर येत असेल, तर ती शंका नव्हे, सबब आहे. सबबीने शेजाऱ्याचे तोंड बंद करता येईल. पण कान, डोळे आणि अंतःकरण यांचा हिशेब जिथे द्यायचा आहे, तिथे ती उपयोगी पडणार नाही.