गळा आणि गोळी

गेल्या वर्षी गणेशोत्सवातल्या गायनस्पर्धेच्या आदल्या दिवशी माझ्या पुतणीच्या दहा वर्षांच्या मुलीचा घसा बसला. पुतणी मला म्हणाली, "काका, डॉक्टर स्टेरॉईडची गोळी देतील काय? उद्यापुरता आवाज सुटला की झालं." मी "विचारून बघ" एवढेच म्हणालो. मुलीला मात्र आम्ही दोघांनीही काहीच विचारले नाही. ती गोष्ट मनात सलत राहिली.

अशा गोळीने स्वरतंतूंची सूज तात्पुरती उतरते, हे खरे. पण सुजलेला गळा विश्रांती मागत असतो. बरे वाटले म्हणून गाणाऱ्याने जोर लावला, तर इजा वाढू शकते.

म्हणून औषधच वाईट म्हणावे काय? आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची हकिकत आठवावी. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. १९४८ साली ते देवासला राहायला गेले आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंद पडले. १९४३ मध्ये अमेरिकेत शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसिन तोवर आपल्याकडे येऊ लागले होते. त्या औषधाने ते उठले. एक फुफ्फुस कायमचे अधू झाले, पण हाती उरलेल्या श्वासातून त्यांनी आपली गायकी घडवली. औषधाने जीव वाचवला. कसे गायचे ते त्यांचे त्यांनी ठरवले.

आता दुसरी हकिकत. पूर्व जर्मनीत १९७४ पासून खेळाडूंना संप्रेरके देण्याची गुप्त सरकारी योजना होती. कोवळ्या वयाच्या मुलींनाही ओरल-टुरिनाबोलच्या गोळ्या दिल्या जात आणि ही जीवनसत्त्वे आहेत, असे अनेकींना सांगितले जाई. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या पोहण्याच्या १३ शर्यतींपैकी ११ त्या देशाने जिंकल्या. त्या मुलींचे भरड आवाज तेव्हाच लोकांच्या कानांवर आले होते. पुरुषी संप्रेरकांनी स्वरतंतू जाड होतात आणि गोळ्या थांबवल्या तरी आवाज सहसा पूर्ववत होत नाही. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड होपनर यांना दोषी ठरवले. दोघांच्याही शिक्षा स्थगितच राहिल्या. पदके देशाची झाली, बदललेला आवाज मात्र त्या बायकांना जन्मभर वागवावा लागला.

कोणी म्हणेल, दहा वर्षांच्या पोरीला काय कळते? ठरवायचे मोठ्यांनीच. कबूल. पण म्हणूनच ठरवणाऱ्याने स्वतःला विचारावे, ही गोळी लेकरासाठी की आपल्याला हव्या असलेल्या टाळ्यांसाठी? एका गोळीची तुलना त्या अत्याचाराशी मी करत नाही. मात्र दुसऱ्याचा गळा आपल्या हौसेसाठी वापरण्याची सवय अशीच लहानशी सुरू होते.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. चार दिवस मौन सांगितले. पोर रडली, आमच्याशी बोलायला तयार होईना. मग मी पाटी-पेन्सिल तिच्यापुढे ठेवली आणि विचारले, "तुला स्वतःला गायचं होतं काय?" तिने लिहिले, "होय. पण ते गाणं नव्हे."

शाळेत कन्नडमध्ये आणि घरी मराठीत बोलणाऱ्या त्या मुलीला तिचे गाणे कोणते, हे आम्ही तोवर एकदाही विचारले नव्हते.